जुन्या घरातलं बाथरूम नवं करताना: आधी पाणी, मग टाइल्स

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव. कुठल्याही गावात जुन्या घराचं बाथरूम नवं करायचं ठरलं की पहिली चक्कर होते ती टाइल्सच्या दुकानात. रंग ठरतो, नक्षी ठरते, मोबाइलमधले फोटो गवंड्याला दाखवले जातात. मग फोडाफोड सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी कळतं की भिंतीतली जस्ती पाइप गंजून निम्मी बुजलीय, पाणी नेमकं कुठे जातं ते घरात कुणालाच ठाऊक नाही आणि शेजारच्या खोलीची ओल इथूनच येत होती. तोवर बजेटचा मोठा वाटा दुकानात देऊन झालेला असतो.

आपल्या जिल्ह्यात हे काम पाण्यापासूनच सुरू करायला हवं. पाणी येतं किती, येतं कसं आणि जातं कुठे, हे तीन प्रश्न आधी. टाइल्स शेवटी. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहिले दोन प्रश्न सोसायटीवर सोडता येतात. इथे नळाला काही दिवसांआड पाणी, एरवी बोअर आणि उन्हाळा कडक गेला की टँकर. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ही वर्षं ज्यांनी इथे काढली, त्यांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बाथरूम एकदा केलं की वीस-पंचवीस वर्षं वापरायचं असतं. त्या काळात असा एखादा उन्हाळा येणारच, हे धरूनच आखणी करा.

पाच माणसांच्या घराचा हिशेब मांडून बघा. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी १० लिटर पाणी सोडते. माणशी दिवसाला पाच वेळा धरलं तर २५० लिटर झाले. तेच ३ आणि ६ लिटरच्या दोन बटनांची टाकी बसवली आणि चार वेळा छोटं, एकदा मोठं बटन दाबलं, तर माणशी १८ आणि घराचे ९० लिटर लागतात. रोजचे १६० लिटर वाचले, महिन्याचे ४,८००. म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर जवळजवळ घरातच निघाला. नवीन बाथरूममध्ये पैसे वसूल करून देणारी याइतकी दुसरी वस्तू नाही. मात्र टाकी आणि भांडं एकाच जोडीचं घ्या. दहा लिटरसाठी घडवलेल्या जुन्या भांड्यावर सहा लिटरची टाकी लावली की एका दाबात साफ होत नाही, दोनदा दाबावं लागतं आणि बचत तिथेच संपते.

शॉवरचंही तसंच. साधा शॉवर मिनिटाला १० लिटरच्या आसपास पाणी घेतो, आठ मिनिटांत ८० लिटर. बादली-तांब्याची अंघोळ १५-२० लिटरमध्ये उरकते. शॉवर नकोच असं मी म्हणणार नाही; पण बादली भरायचा नळ मात्र काढू नका. आणि छताएवढ्या ‘रेन शॉवर’च्या मोहात पडण्याआधी आपल्या टाकीची उंची बघा. पाण्याला १ बार दाब मिळायला टाकी नळापासून १० मीटर उंच लागते. एकमजली घरात स्लॅब दहा फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली आणि शॉवर सात फुटांवर. म्हणजे टाकी संपत आली की वर उरतं जेमतेम तीन फूट. एवढ्या दाबावर महागडा शॉवर नुसता ठिबकतो. टाकी चार-पाच फुटांच्या भक्कम स्टँडवर चढवा आणि कमी दाबावर चालणारा साधा शॉवर घ्या. भिंतीत दडवलेले डायव्हर्टर, जेट वगैरे पंप बसवल्याशिवाय चालत नाहीत, आणि वीज गेली की पंपही बसला.

टाकीचा विषय निघालाच आहे तर माळवदाच्या घरांबद्दल सांगतो. पेठांमधून आणि खेड्यांमधून माळवदं अजून उभी आहेत: सागाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. हजार लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचं वजन एक टन होतं. ती माळवदावर ठेवायची नाही. सोलरची टाकीही नाही. बाहेर परसात लोखंडी किंवा आरसीसीचा वेगळा सांगाडा उभा करा आणि त्याचा भार घराच्या भिंतीवर येऊ देऊ नका. टाकीतून गळणारं थोडंसं पाणीही माळवदाच्या मातीत मुरतं आणि तुळई आतून कुजते, वरून काही दिसत नाही.

या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात, पण दगड किंवा कच्च्या विटा मातीत बसवलेल्या. अशा भिंतीत पाइपसाठी खाचा मारणं हा आजच्या प्लंबरचा हातखंडा आणि जुन्या घराचा घात. मशीन लावलं की आतली माती सुटते, दगड हलतात. पुढे पाइपचा एक सांधा झिरपला तर ओल भिंतभर पसरते, खाली लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे पडतात. दोन मार्ग आहेत. एक, पाइप भिंतीच्या बाहेरून उघडे न्या. दिसायला बरे दिसत नाहीत, पण दुरुस्तीला दहा मिनिटं पुरतात. दुसरा, जुन्या भिंतीला आतून चार इंची पक्क्या विटांची वेगळी भिंत सिमेंटमध्ये उभी करा आणि पाइप, टाइल्स, आधाराच्या दांड्या सगळं त्या नव्या भिंतीवर घ्या. खोलीची रुंदी सहा इंचांपर्यंत कमी होईल. होऊ द्या.

झोपायच्या खोलीतून बाथरूमकडे नवं दार काढायचं असेल तर आणखी सावध राहा. पूर्वी न्हाणी परसाकडे आणि संडास त्याहून लांब असे, आता वयस्कर माणसांसाठी ते खोलीला जोडून हवं असतं. मागणी रास्तच आहे. पण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं असलेली घरं कशी कोसळतात, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने आपल्या शेजारीच दाखवलं. भार घेणाऱ्या भिंतीत दार पाडण्याआधी स्थापत्य अभियंत्याला घर दाखवा, वरच्या तुळया टेकू देऊन धरा, आरसीसीचा लिंटेल टाका आणि मगच खालचं बांधकाम काढा. ‘काही होत नाही’ म्हणणारा मिस्त्री असेल तर दुसरा शोधा. बाथरूमसाठी जागा किती लागते? राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे साधारण तीस चौरस फूट, आणि रुंदी १.२ मीटर. पाच बाय सातच्या खोलीत सगळं नीट बसतं.

आता पाणी जातं कुठे, ते बघू. इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून जरा थांबून वाचा.

जुन्या घरात बहुतेक वेळा न्हाणीचं पाणी उघड्या गटारात आणि संडासचं सेप्टिक टँकमध्ये किंवा खड्ड्यात जातं. फोडलंच आहे तर दोन्ही लाइन शेवटपर्यंत वेगळ्या ठेवा: संडासला ११० मिलिमीटर, अंघोळीच्या पाण्याला ७५ मिलिमीटर. अंघोळीचं पाणी परसातल्या केळी, कर्दळ, अळूला द्या. जागा कमी असेल तर शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले, आणि ती पद्धत राज्यभर गाजली. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा. मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी. भोवती दगडगोटे आणि खडी. पण एक अट आहे. खाली मुरूम असेल तर पाणी जिरतं. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावकडच्या खोल काळ्या मातीत ते तुंबतं. खड्डा खणून त्यात दोन-चार बादल्या ओता, दुसऱ्या दिवशी पाणी तसंच दिसलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातून जाणाऱ्या पाइपचे सांधे या ओढाताणीत निखळतात, म्हणून पाइपखाली आणि भोवती वाळू किंवा मुरूम भरून घ्या. ११० च्या पाइपला दर चार फुटांना एक इंच उतार द्या.

खेड्यात दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल तर कमोड बसवण्याआधी विचार करा. त्या शौचालयाचं भांडं जास्त उताराचं आणि जेमतेम २० मिलिमीटर पाण्याच्या सापळ्याचं असतं, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. खड्डेही तेवढ्याच पाण्याच्या हिशेबाने केलेले असतात. तिथे सहा लिटरचा फ्लश जोडला आणि वर अंघोळीचं पाणीही सोडलं, तर खड्डा वेळेआधी भरतो. बोअर किंवा आड जवळ असेल तर त्याहून वाईट. खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची जागा यांत दहा मीटर तरी अंतर हवंच. कमोड हवाच असेल तर सेप्टिक टँक बांधा, त्याला छपराच्या वर जाणारा हवेचा पाइप द्या आणि त्याच्या तोंडावर डासांची जाळी बांधा. टँक उपसायला माणूस आत उतरवू नका, सक्शनची गाडी बोलवा. आतल्या वायूने माणसं मरतात. २०१३ च्या कायद्याने हे बंदही आहे.

जमिनीखालचं झालं की वॉटरप्रूफिंग. यात काटकसर करणारा पुढे दुप्पट खर्च करतो. जुना कोबा पूर्ण उकरून काढा; जुन्यावर नवा थर टाकून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा काढून घ्या, कारण सरळ कोपऱ्यातच लेप फाटतो. पाइप जिथून जमिनीत शिरतो तिथलं भोक नीट भरून घ्या. निम्म्या गळत्या तिथूनच होतात. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात, पहिला आडवा मारला असेल तर दुसरा उभा. भिंतीवर एक फूट आणि अंघोळीच्या बाजूला सहा फूट उंच.

लेप वाळला की नहाणी ट्रॅपचं तोंड कापड-प्लास्टिकचा बोळा कोंबून बंद करा, दाराशी विटांचा तात्पुरता बांध घाला आणि जमिनीवर दोन इंच पाणी भरा. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. ४८ तास हात लावू नका. उन्हाळ्यात सूतभर पाणी वाफेने उतरेल, त्याची चिंता नको. अर्धा इंच उतरलं, खालच्या स्लॅबला ओलसर डाग दिसला किंवा शेजारच्या खोलीत भिंतीच्या पायाशी रंग गडद झाला, तर लेप परत. दोन दिवस वाया गेले म्हणून मिस्त्री कुरकुरतो. कुरकुरू द्या. टाइल्स लागल्यावर ही चूक सापडली तर सगळंच परत फोडावं लागतं.

जमिनीचा ढाळ पाच फुटांत पाऊण इंच असावा आणि तो जाळीकडे असावा. हास्यास्पद वाटेल, पण नव्या कोऱ्या बाथरूममध्ये दाराकडे वाहणारं पाणी पुष्कळ ठिकाणी दिसतं. टाइल्स बसवताना मगभर पाणी ओतून बघा किंवा गोटी सोडून बघा. बाथरूमची जमीन खोलीपेक्षा इंचभर खाली ठेवा. जाळी सहज उचलता आली पाहिजे. आणखी एक: नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. मुलाकडे पुण्याला महिनाभर राहून आलात आणि घरात वास भरलेला असला, तर प्लंबरला बोलावण्याआधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं.

टाइल्स निवडताना आपलं बोअरचं पाणी किती क्षारी आहे, ते आठवा. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो ना, तोच इथेही बसणार. काळे चकचकीत टाइल्स, काळे मॅट नळ आणि काचेचं पार्टिशन दुकानात देखणं दिसतं, आपल्याकडे महिन्याभरात ठिपक्यांनी भरतं. फिकट राखाडी, बदामी, शाडूसारखे रंग क्षार झाकतात. नळ साधे क्रोमचे घ्या, तोंडाची जाळी फिरवून काढता येईल असे. ती दर दोन-तीन महिन्यांनी लिंबू पिळलेल्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजत घाला. बाटलीतलं ॲसिड ओतायची सवय मात्र मोडा. त्याने डाग जातात, पण टाइल्समधल्या सांध्यांचं सिमेंटही जातं आणि क्रोम उडतं. सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट महाग पडतं. सगळीकडे परवडत नसेल तर निदान जमिनीवर वापरा. जमिनीला फूटभराची, खरखरीत टाइल बरी, सांधे जास्त म्हणजे पायाला पकड जास्त. दुकानातच तिच्यावर पाणी ओता आणि चप्पल काढून पाय घासून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. जुनी शहाबादी फरशी निघत असेल तर फेकू नका. परसात धुण्याची जागा तिच्यावर छान होते.

गरम पाण्याचं काय? बंबावर पऱ्हाट्या, तुराट्या जाळून पाणी तापवणारी घरं अजून आहेत, आणि पऱ्हाट्या शेतातल्याच असल्या तर तो सौदा वाईट नाही. फक्त बंब उघड्यावर, परसात ठेवा. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद असतं. बसवायचाच तर भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत. आपल्याकडे ऊन भरपूर, तेव्हा पक्का स्लॅब असेल तर सोलर उत्तम. चार माणसांना शंभर लिटरचा पुरतो. क्षारी पाण्याला काचेच्या नळ्यांचा प्रकार घ्या. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पॅनेल क्षाराने बुजतो. विजेचा गीझर घेतलात तर तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा, साठच्या पुढे क्षार झपाट्याने साचतो. आतली मॅग्नेशियमची कांडी वर्षातून एकदा मेकॅनिककडून तपासून घ्या. ती झिजली की टाकीला गंज लागतो.

विजेचं काम जुन्या वायरिंगवर ढकलू नका. गीझरला बोर्डापासून वेगळी वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, खरं अर्थिंग (नुसता हिरवा धागा लोंबकळत ठेवलेलं नव्हे) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी एवढं हवंच. ही आरसीसीबी म्हणजे विजेची गळती झाली की क्षणात पुरवठा तोडणारं बटन. बादलीत रॉड टाकून पाणी तापवण्याची सवय अजूनही घरोघरी आहे. नवीन बाथरूम झाल्यावर तो रॉड भंगारात द्या.

मोठ्या माणसांसाठी करत असाल तर त्यांना विचारून करा. आजीला कमोड हवा असेलच असं नाही, आणि आजोबा गुडघे दुखत असूनही ‘देशीच बरं’ म्हणतील. घरात दोन संडास असतील तर एक देशी राहू द्या. कमोड १७-१८ इंच उंचीचा घ्या आणि बाजूला आधाराची स्टीलची दांडी पक्क्या विटांच्या भिंतीत बसवा. नुसत्या टाइलमध्ये स्क्रू पिळलेली दांडी गरजेच्या वेळीच निघते. अंघोळीला १८ इंच उंचीचा कडाप्प्याचा ओटा बांधा, बसून अंघोळ होते. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडतं. कडी बाहेरूनही काढता येईल अशी. दार अडीच फुटांपेक्षा अरुंद नको, तीन फूट असेल तर पुढे व्हीलचेअरही जाते.

काम कधी काढायचं? पाहणी पावसाळ्यात करा, ओल कुठून येते ते तेव्हाच कळतं. काम दिवाळीनंतर. विहिरी-बोअरला पाणी असतं, कोब्याला आणि प्लास्टरला नीट पाणी मारता येतं. मे महिन्यात प्यायला टँकर असताना प्लास्टर तहानलेलं राहतं आणि पुढे तडकतं. एक अडचण आहे: दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि बिगारी मिळत नाही. म्हणून गणपतीतच माणसं बोलून ठेवा. घरात एकच बाथरूम असेल तर परसात दोन शहाबादी फरश्या आणि ताडपत्रीचा आडोसा आधी करा. दोन-तीन आठवडे जातातच, मिस्त्री आठ दिवस म्हणाला तरी.

पैशाचा क्रम असा ठेवा: ड्रेनेज, वॉटरप्रूफिंग, पाइप, वीज, मग भांडी-नळ, सगळ्यात शेवटी टाइल्स. एकूण अंदाजाच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवा. जुनं घर फोडल्यावर काहीतरी निघतंच. टाइल्सचा एक खोका जास्त घेऊन माळ्यावर ठेवा, पाच वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही. भिंत बंद होण्याआधी प्रत्येक बाजूचे मोबाइलवर फोटो काढा, पाइपशेजारी मोजपट्टी धरून, आणि ते छापून घराच्या कागदपत्रांत ठेवा. मजुरीचा करार साध्या कागदावर का होईना लिहून घ्या, आणि ४८ तासांची पाण्याची चाचणी आपल्या डोळ्यांदेखत झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.